‘कुड’ म्हणजे ‘शकलो’ नव्हे

‘मोडल्स पाच ओळींत, आयुष्यभरासाठी!’ असं ठळक लिहिलेला तक्ता माझ्याकडे तीन ग्रुपांवरून आला. (मोडल्स म्हणजे कॅन, कुड, मस्ट यांसारखी इंग्रजी सहायक क्रियापदं.) तिसऱ्यांदा आला तो एका विद्यार्थ्याच्या आईकडून, ‘सर, हे बरोबर आहे ना?’ या प्रश्नासकट. ताई, बरोबर नाही. शिवाय हे कळायला इंग्रजीपेक्षा आपली मराठीच जास्त कामाला येते, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

तक्ता म्हणतो: कॅन म्हणजे ‘शकतो’, त्याचा भूतकाळ कुड म्हणजे ‘शकलो’. परवानगी मागायला फक्त मे. आय आणि वुईला शॅल, बाकीच्यांना विल. मस्ट म्हणजे ‘पाहिजेच’, मस्ट नॉट म्हणजे ‘नको’. विलपेक्षा वुड नम्र, म्हणून जमेल तिथे वुड.

कुडपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथेच फसतात. ‘लहानपणी मी झाडावर चढू शकत होतो’ आणि ‘काल मी त्या झाडावर चढू शकलो’ ही वाक्यं आपण कधी एक समजतो का? पहिल्यात अंगातली क्षमता आहे, दुसऱ्यात एकदा पार पडलेलं काम. कुड पहिल्याचं आहे, म्हणजे ‘शकत होतो’चं. दुसऱ्यासाठी इंग्रजी ‘वॉज एबल टु’ किंवा ‘मॅनेज्ड टु’ म्हणते. म्हणून ‘आय कुड कॅच द लास्ट लोकल येस्टर्डे’ हे कानाला खटकतं. लोकल मिळाली असेल तर सरळ ‘आय कॉट’ म्हणावं. गंमत अशी की नकारात हा भेद गळून पडतो. लोकल चुकली तर ‘आय कुडन्ट कॅच इट’ अगदी बिनचूक. आणि ‘पकडू शकलो असतो, पण पकडली नाही’ याला ‘कुड हॅव कॉट’. शकत होतो, शकलो, शकलो असतो: मराठीने तीन खण आधीच पाडून ठेवलेत. तक्त्याने तिन्हींतला नेमका चुकीचा उचलला.

शिवाय कुड नेहमी मागचंच बोलतो असंही नाही. ‘कुड यू कम टुमॉरो?’ म्हणजे ‘उद्या येऊ शकाल का?’

परवानगीचं थोडक्यात. ‘मे आय कम इन’ औपचारिक आहे, छानही आहे. पण ‘कॅन आय’ चूक नाही. आज इंग्रज माणूस रोजच्या बोलण्यात बहुधा तेच विचारतो. यावरून मुलांना वर्गाबाहेर ताटकळत ठेवणारे गुरुजी मी पाहिलेत.

शॅलचा नियम मात्र खरोखर जुना आहे. जॉन वॉलिस या गणितज्ञाने (अनंताचं ∞ हे चिन्ह वापरात आणणारा तोच) १६५३ साली लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, त्यात तो मांडलेला आहे. पण पूर्ण: ‘आय शॅल’ म्हणजे साधं भाकीत, ‘आय विल’ म्हणजे वचन किंवा धमकी, आणि ‘तू’ व ‘तो’ यांना नेमकं उलट. तक्त्यात अर्धाच आलाय. त्या हिशेबाने भारतीय संविधानाचा अनुच्छेद १४ देखील चुकीचा ठरेल, कारण तिथे ‘द स्टेट शॅल नॉट डिनाय’ असं आहे, आणि ‘द स्टेट’ म्हणजे काही आय किंवा वुई नव्हे. तिथला शॅल बंधन घालतो. बरं, वॉलिसचा पूर्ण नियम तरी सगळे पाळतात का? ४ जून १९४० रोजी चर्चिल ‘वुई शॅल फाइट ऑन द बीचेस’ म्हणाले, तेव्हा ते काही भविष्य वर्तवत नव्हते. आज बोलण्यात शॅल उरलाय तो मुख्यतः प्रश्नात: ‘शॅल आय ओपन द विंडो?’, म्हणजे आपलं ‘खिडकी उघडू का?’

मस्ट नॉटचा घोळ मराठीतूनच येतो, हे मान्य करायला हवं. आपला ‘नको’ दुहेरी आहे. ‘एवढ्या रात्री एकट्याने जायला नको’ यात मनाई आहे. ‘या तपासणीला उपाशी यायला नको’ यात फक्त गरज नाही. मस्ट नॉट पहिल्या बाजूचा, तोही कडक. दुसऱ्याला ‘डोन्ट हॅव टु’ किंवा ‘नीड नॉट’. पेशंटला ‘यू मस्ट नॉट कम फास्टिंग’ लिहून दिलं, तर उपास करून येण्यावर बंदी घातल्यासारखं होईल. आणि मस्ट म्हणजे फक्त ‘पाहिजेच’? मग ‘ही मस्ट बी ॲट होम’चं काय करणार? तो घरीच असणार, एवढाच त्याचा अर्थ.

राहिला नम्र वुड. विनंतीत तो शोभतो: ‘वुड यू प्लीज वेट?’ पण त्या जोरावर आपल्याकडच्या नोटिशींत ‘द मीटिंग वुड बी हेल्ड ॲट फोर’ सर्रास दिसतं. इंग्रजी वाचणारा पुढे ‘इफ’ शोधत बसतो, कारण त्याला ऐकू येतं ‘चार वाजता बैठक झाली असती’ किंवा ‘झाली तर चारला होईल’. बैठक ठरलेली असेल तर ‘विल’ लिहा. त्यात उद्धटपणा काही नाही.