पवनचक्क्या ढग पळवतात म्हणे!

आमच्या मामांच्या गावात सध्या एक मेसेज जोरात आहे. डोंगरावरच्या पवनचक्क्यांनी ढग पळवले म्हणून साताऱ्याचे माण-खटाव तालुके कोरडे पडले; पवनचक्की बनवायला लागते तेवढी वीज ती जन्मात देत नाही; आणि वारा पडला की देश अंधारात. शेवटी 'ग्रामसभेत ठराव करा'. मामांनी सही ठोकलीसुद्धा, म्हणून हे लिहिणं आलं.

पंखा वीज खातो आणि वारा घालतो. पवनचक्की वारा खाते आणि वीज देते. तिच्या मागे वारा उलट मंदावतो, मग ढग पळणार कशानं? साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची जुनी यंत्रं पात्याच्या टोकापर्यंत मोजली तरी 100 मीटरच्या आत-बाहेर. पावसाळी ढगाची जाडी किलोमीटरमध्ये मोजतात. जुलैत तिथं जाऊन बघा. ढग पात्यांमधून आरपार जात असतात, समोरचा खांब दिसत नाही, आणि पाऊस झोडपतच असतो.

साताऱ्यात पवनचक्क्या आल्या गेल्या शतकाच्या अखेरीस. माणमधल्या म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव इंग्रजांनी बांधायला घेतला तो 1876-77 च्या दुष्काळात, लोकांच्या हाताला काम म्हणून. तेव्हा ढग कोणी पळवले होते? आणि 1972 ला? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, माणला 500 च्या आसपास. सह्याद्री चढतानाच ढग रिकामे होतात. पर्जन्यछाया शाळेत नकाशासकट शिकवतात हो!

जन्मात वीज न देण्याबद्दल एवढंच: बनवायला आणि उभारायला गेलेली ऊर्जा चांगल्या जागी साधारण वर्षभरात वसूल होते. यंत्र पुढे 20 वर्षं चालतं.

वारा पडतो, हे मात्र खरं. आपल्याकडे त्याचा हंगाम मे ते सप्टेंबर. थंडीत बरीच पाती नुसती उभी असतात. पण मार्च 2025 अखेर देशाची पवनक्षमता 50 हजार मेगावॉट झाली, तरी एकूण विजेत तिचा वाटा शेकडा पाचच्याच घरात आहे. वाऱ्याचा अंदाज आदल्या दिवशीच, 15-15 मिनिटांच्या हिशेबानं द्यावा लागतो. कमी पडलं तर कोळसा आहे, आणि कोयनेची पाण्यावरची वीज तर काही मिनिटांत सुरू होते. अंधार कुठून आला?

ठरावच करायचा तर पवनचक्क्यांच्या रस्त्यासाठी फोडलेल्या पठाराचा करा. मामांच्या बांधावरून विजेची लाइन गेली, त्याचा मोबदला किती ठरला आणि मधल्या एजंटनं किती कापला, तो कागद मागा.