रेडक्रॉसच्या लेखावरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, रेडक्रॉसनं रक्ताच्या संशोधनावरही पैसा खर्च करावा, असं मी फिनलंडचं उदाहरण देऊन लेखात लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही. पण "बाई, रेडक्रॉसनं बाटल्या गोळा कराव्या, दानाचा पैसा लॅबमध्ये कशाला घालायचा, आमची सून दर शिबिरात रक्त देते, तिला कधी काही झालं नाही, तुम्ही इंदूरात बसून फिनलंडच्या गप्पा मारता" ही काय बोलायची पद्धत झाली? मुद्दा मांडा ना, मी कुठे नाही म्हणतेय. "बाई" कशाला? लेख लांब झाला म्हणालात, ते मान्य.

आता सुनेचं. मी कॉलेजपासून रक्त देतेय, रामबागेतल्या शिबिरांत, चार-चार महिन्यांनी. हिमोग्लोबिन दरवेळी १२.५ च्या वर, म्हणून दरवेळी "एकदम फिट" ऐकायचं आणि बिस्किट खाऊन घरी. आणि मग केस गळायला लागले, जिना चढताना धाप, घरचे म्हणाले वय झालं. शेवटी एका डॉक्टरांनी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, करायला लावली तर शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला! शिबिरात कोणी साठ्याचं विचारलंच नव्हतं. एका रक्तदानात साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जातं, आणि हिमोग्लोबिन ठीक दिसत असताना साठा रिकामा होऊ शकतो. हे बाटल्या मोजून कळत नाही काका, रक्तदात्यांचा पाठपुरावा करूनच कळतं. फिनलंडच्या रेडक्रॉसच्या रक्तसेवेनं तेच केलं, रक्तदात्यांचं फेरिटिन मोजून अभ्यास केला, काहींना लोहाच्या गोळ्याही दिल्या. म्हणजे तो पैसा रक्त देणाऱ्याच्याच जिवासाठी खर्च होतो, आणि मला तरी ते उपकार नाही, कर्ज फेडल्यासारखं वाटतं.

आणि "बाटल्या गोळा" हेसुद्धा कोणीतरी आधी विचार करूनच ठरवलंय. १९२१ मध्ये लंडनला ब्रिटिश रेडक्रॉसच्या पर्सी ऑलिव्हरनी स्वेच्छेनं रक्त देणाऱ्यांची यादी केली, त्यांचे गट तपासून ठेवले, फोन आला की माणूस हॉस्पिटलात हजर. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन या रक्तदात्याच्या रक्तात एक दुर्मिळ अँटीबॉडी होती, हे कोणी शोधलंच नसतं, तर १९६७ पासून आरएच-निगेटिव्ह (रक्तगट निगेटिव्ह असलेल्या) आयांना, पोटातल्या बाळाला जपणारं अँटी-डीचं इंजेक्शन हॅरिसनच्या प्लाझ्मातून (रक्तातल्या द्रवातून) कसं मिळालं असतं?



सुनेला मात्र पुढच्या शिबिराआधी फेरिटिन करून घ्यायला सांगा. तिला "काही झालं नाही" हे तुम्ही ठरवू नका, तिला विचारा.