दारात कागद बघणे म्हणजे तपासणी नव्हे

कोरोनाकाळात नाट्यगृह, मंगल कार्यालय, हॉटेलात लस प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नको, असं एका लेखात म्हटलं होतं. तत्त्व मान्य आहे. पण सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहाच्या दारात प्रयोगाआधीच्या अर्ध्या तासात हे करायचं कसं, ते लेखात नव्हतं.

छापील कागद नुसता पाहून काहीच कळत नाही. नाव बदलून झेरॉक्स काढणं सोपं आहे. कोविन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलच्या व्हेरिफाय पानावर क्यूआर कोड स्कॅन करायचा, पडद्यावर आलेलं नाव फोटो असलेल्या ओळखपत्राशी जुळवायचं. कोडमध्ये डिजिटल सही असते, म्हणून बनावट तिथेच उघडी पडते. लॅमिनेशनवर दिवा चमकला किंवा व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो पुसट असला, तर कोड वाचला जात नाही. दारात उजेड बाजूने हवा, कॅमेरा कागदाला समांतर.

मुख्य अडचण वेगळीच. आपल्याकडे कितीतरी विडी कामगार बायकांची लसीची नोंदणी शेजाऱ्याच्या किंवा मुलाच्या मोबाइलवर झाली होती. एका नंबरवर चार जणांची सोय होती ना! मग प्रमाणपत्र काढायला ओटीपी त्या दुसऱ्याच फोनवर जायचा. अशा बाईला दारातून परत पाठवणं अन्याय होता, तिने लस घेतली होती. वॉर्डावॉर्डात प्रमाणपत्र छापून देणारं टेबल आधी लावायला हवं होतं.

शिवाय कोविशिल्डच्या दोन डोसमधलं 2021 मधलं 84 दिवसांचं अंतर आणि लसीकरण पूर्ण मानण्यासाठी दुसऱ्या डोसनंतरचे 14 दिवस धरले, तर पहिल्या डोसपासून किमान 98 दिवस लागायचे. नियमाची तारीख ठरवताना हा हिशेब धरायलाच हवा होता.