एमआरआयमध्ये सूज दिसली नाही म्हणून गोळ्या बंद करायच्या नसतात

‘र्‍हुमॅटॉइड संधिवातात रक्ततपासण्या निरुपयोगी आहेत, खरी सूज फक्त एमआरआयमध्ये दिसते, म्हणून दर सहा महिन्यांनी दोन्ही हातांचा एमआरआय करावा, सूज नसेल तर मेथोट्रेक्सेट ताबडतोब बंद करावे, मात्र एमआरआयच्या किरणांपासून जपावे,’ असा एक संदेश सध्या कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमध्ये फिरतो आहे. खाली ‘एका ज्येष्ठ तज्ज्ञांचा सल्ला’ एवढेच लिहिलेले आहे. तज्ज्ञांना नाव नाही. मंगळवार पेठेतल्या आमच्या आत्तींनी हा संदेश वाचून मेथोट्रेक्सेटच्या, म्हणजे हा आजार आटोक्यात ठेवणाऱ्या औषधाच्या, रविवारी घ्यायच्या गोळ्यांची पट्टी बाजूला काढून ठेवली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातले अर्धे सत्य आधी मान्य करून टाकतो. सांध्याच्या अस्तराची सूज आणि हाडाच्या आतल्या मज्जेतली सूज एमआरआयमध्ये दिसते. साध्या एक्स-रेमध्ये ती दिसत नाही, आणि मज्जेत जिथे अशी सूज असते तिथे हाड पुढे झिजण्याची शक्यता वाढते. निदानाविषयी शंका असेल तेव्हा ही तपासणी उपयोगी पडते, हेही खरे. पण त्यावरून रक्ततपासण्या निरुपयोगी कशा ठरतात? अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी हा आजार ओळखण्यासाठी 2010 मध्ये ठरवलेल्या निकषांत दहापैकी चार गुण रक्ततपासण्यांनाच आहेत.

ठराविक काळाने एमआरआय करत राहण्याची गोष्ट तर तपासून झालेली आहे. डेन्मार्कमध्ये आजार आटोक्यात असलेल्या 200 रुग्णांवर दोन वर्षे अभ्यास झाला आणि तो 2019 मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांचे उपचार एमआरआय पाहून वाढवले गेले, उरलेल्यांचे नेहमीच्या तपासणीवरून. एमआरआय पाहून उपचार केलेल्यांमध्ये ना आजार अधिक शमला, ना हाडांची झीज कमी झाली. उलट गंभीर दुष्परिणाम त्याच गटात जास्त दिसले. त्याच्याही आधी, 2013 मध्ये, अमेरिकन संघटनेने नियमित देखरेखीसाठी हातापायांच्या सांध्यांचा एमआरआय करू नये, असे सांगून ठेवले होते. शिवाय ठणठणीत माणसांच्या हातांतही थोडीफार सूज एमआरआयमध्ये सापडते, तिचे काय करायचे?

खरा घातक भाग गोळ्यांचा आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते आणि त्याचा परिणाम दिसायला कित्येक आठवडे जातात. ते घेत असताना सूज दिसली नाही, तर बहुधा त्या औषधाचेच ते काम असते. तेच कारण दाखवून औषध थांबवणे म्हणजे पाऊस लागत नाही म्हणून घराचे छप्पर काढण्यासारखे आहे. त्यातून हातांच्या एमआरआयमध्ये फक्त हातच दिसतात. आत्तींची तक्रार तर सकाळी चपलेत पाय घालताना तळव्याच्या पुढच्या भागात होणाऱ्या दुखण्याची आहे, आणि ते पाऊल त्या चित्रात कुठेच येणार नाही. त्यांचे डॉक्टर बोटांचा एकेक सांधा स्वतःच्या अंगठ्याचे नख पांढरे पडेपर्यंत दाबून पाहतात, गुडघे, कोपरे, खांदे तपासतात, सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो ते विचारतात, मग सीआरपीचा, म्हणजे शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, अहवाल पाहून गोळ्यांची मात्रा ठरवतात. मात्रा कमी करायची झाली तरी ती आजार बराच काळ शांत राहिल्यावर, त्यांच्याच देखरेखीखाली आणि टप्प्याटप्प्याने. संदेश वाचून परस्पर बंद केल्यास आजार उसळतो, आणि एकदा झिजलेले हाड बहुधा पूर्ववत होत नाही.

राहिला किरणांचा मुद्दा. एमआरआयमध्ये चुंबकीय क्षेत्र आणि रेडिओलहरी वापरतात, क्ष-किरण नव्हेत; आणि किरण एवढेच घातक वाटत असतील तर दर सहा महिन्यांनी तपासणी करा असे तरी कशाला सांगावे? काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टींची असते: मूत्रपिंडे फार बिघडलेली असतील तर एमआरआयचे चित्र स्पष्ट यावे म्हणून देतात ते गॅडोलिनियमचे इंजेक्शन देण्याआधी विचार करावा लागतो, आणि शरीरात पेसमेकर असेल तर ते आधी सांगावे लागते. या दोन्ही गोष्टींचा त्या संदेशात उल्लेखही नाही.