‘पालकांनो सावधान’ या मेसेजला एका मामाचं उत्तर

परवा रात्री भाचीचा फोन आला. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस्सी. फिजिक्स करायचं आणि पुढे खगोलशास्त्रात जायचं, हे तिचं दहावीपासून ठरलेलं. "मामा, बाबांनी ग्रुपवर टाकलेलं वाचलं का? आता म्हणून राहिले, बी.एड. कर."

‘पालकांनो सावधान’ या मथळ्याचा हा मेसेज याआधी तीनदा माझ्याकडे आला होता, तीनदा मी सोडून दिला. आता तो घरात शिरलाय. त्यात पाच मुद्दे आहेत: खगोलशास्त्र म्हणजे रात्रभर दुर्बिणीला डोळा लावून बसणं, ते मुलींचं काम नाही; आयआयटी सोडून विद्यापीठाच्या विभागात शिकून उपयोग नाही; इस्रो फक्त इंजिनीअर घेते; नोकरी मिळत नाही; आणि ताऱ्यांचीच आवड असेल तर ज्योतिषाचा डिप्लोमा करा, विषय एकच आहे.

पहिल्या मुद्द्यानं एका मुलीचं शिक्षण अडायला आलंय, म्हणून त्यावर आधी.

मोठ्या दुर्बिणीला आज कुणी डोळा लावत नाही. तिथे कॅमेरा असतो आणि माणूस संगणकासमोर बसतो. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. त्या रेडिओ लहरी टिपतात, त्यांना दिवस काय आणि रात्र काय! १९६७ साली केंब्रिजमध्ये जोसलिन बेल नावाची विद्यार्थिनी पीएच.डी. करत होती. रेडिओ दुर्बीण उभारायला शेतात खांब रोवून तारा ओढायच्या कामातही ती होती. त्या दुर्बिणीतून रोज जवळजवळ ३० मीटर कागदाची पट्टी निघायची आणि ती बसून वाचायची. त्या पट्टीवरच्या बारीकशा खुणेतून तिला पल्सार, म्हणजे ठरावीक अंतरानं रेडिओ ठोके देणारा तारा, सापडला.

आणि दिवसाचंच बोलायचं तर फिजिक्सचं प्रॅक्टिकल आठवा. पडदे ओढलेली खोली. सोडियमचा दिवा आधी गुलाबीसर पेटतो, मग हळूहळू पिवळा होतो. ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची काच, नीट बसलं की त्या रंगांच्या पट्ट्यात, वर्णपटात, पिवळी रेष फुटून दोन होतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. मला त्या पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मी श्वास रोखून बसलो होतो. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात नेमक्या याच जागी दोन काळ्या रेषा असतात, म्हणजे सोडियम तिथेही आहे. १८६८ साली लॉकयर या खगोलशास्त्रज्ञानं इंग्लंडात भरदिवसा सूर्याची कड तपासली, तेव्हा तिथे या दोघींशी न जुळणारी तिसरी पिवळी रेष होती. ती हेलियम या नव्या मूलद्रव्याची. पृथ्वीवर तो सापडायला १८९५ उजाडलं.

बरं, लागली एखादी रात्र जागायला, तर? आपल्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात रात्रपाळी करणाऱ्या सिस्टर कुणाच्या तरी मुलीच आहेत ना? बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या संचालक म्हणून २०१९ साली अन्नपूर्णी सुब्रमण्यम आल्या. त्यांच्या घरी असला मेसेज कुणी पाठवला नाही, हे देशाचं नशीब.

विद्यापीठाच्या विभागाचं म्हणाल, तर मेघनाद साहा कलकत्ता विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात शिकवत होते. ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याचं तापमान कसं ओळखायचं, ते सांगणारं त्यांचं समीकरण १९२० साली आलं. त्यासाठी दुर्बीण लागली नाही. एम.एस्सी.ला स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्सच्या पेपरात शिकवतात तेच गणित लागलं. आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था? १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं ती उभी केली तीच मुळी विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी. नागपूरच्या पोरांचा तिच्यावर मुंबई-दिल्लीच्या पोरांइतकाच हक्क आहे.

इस्रोच्या मोठ्या भरतीत बहुतेक जागा इंजिनीअरच्या असतात, हे मान्य. पण इस्रोचे अध्यक्ष झालेले यू. आर. राव फिजिक्सचे एम.एस्सी. होते, आणि इस्रोसारख्याच अंतराळ विभागाखालच्या अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत फिजिक्सवाल्यांना पीएच.डी.ला घेतात.

नोकरीच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, आणि हे लिहिताना जीव तुटतो. कॉलेजातली प्राध्यापक भरती रखडते. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली चांगली माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबतात. हे भाचीपासून मी लपवलेलं नाही. पण भाऊजी, बी.एड.नंतरची शिक्षक भरती काय वेळेवर होते? उलट नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. ती मिळवणं सोपं नाही. तिला प्रयत्न तरी करू द्या.

ज्योतिषावर जास्त शब्द घालवत नाही. जयंत नारळीकरांनी चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या, कुठली कुणाची ते ओळखा म्हणून. २७ जणांनी उत्तरं पाठवली, बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती.

भाऊजी, तो मेसेज ग्रुपवरून काढा, आणि ज्यांना पुढे पाठवलात त्यांना हे पाठवा. रविवारी सकाळी मी येतोय. तिच्या मार्कशीटा काढून ठेवा, एम.एस्सी.च्या प्रवेशाचं आपण तिघं बसून बघू.