गादीखालची परीटघडी

ज्या घरात इस्त्री नव्हती त्या घरात खाट होती, आणि खाट होती म्हणूनच इस्त्री विकत घ्यायला हवी हे कोणी मान्य करीत नसे. १९७०च्या आसपास गिरगावातील आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांमध्ये जी एकुलती एक लोखंडी खाट होती, तिच्यावर दिवसा पाहुणे बसत, दुपारी आजी पोथी वाचत असे, संध्याकाळी आम्ही मुले अभ्यास करीत असल्याचे दाखवीत असू आणि रात्री घरातील सर्वांत भाग्यवान समजला जाणारा मनुष्य तिच्यावर झोपत असे. तो भाग्यवान का समजला जाई, हे मला त्या खाटेवर झोपायची पाळी येईपर्यंत कळले नव्हते. कारण खाटेचे खरे काम वर चालत नसे, ते गादी आणि फळी यांच्यामध्ये चालत असे. तिथे अण्णांची कचेरीची विजार, माझी शाळेची अर्धी चड्डी, ताईची ओढणी आणि सणावाराला आजीचे धुवट नऊवारी लुगडे रात्रभर दाबात ठेवलेले असे, आणि वर झोपणारा मनुष्य हा त्या यंत्राचा केवळ एक सुटा भाग होता.

परीट चाळीत येत असे, नाही असे नाही. परंतु तो कपड्यामागे पैसे घेई, म्हणून त्याच्याकडे फक्त लग्नामुंजीचे कपडे जात. विजेची इस्त्री हीही काही अपूर्वाई राहिली नव्हती. न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी तिचे पेटंट १८८२ मध्येच घेतले होते, आणि आमच्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडात ती प्रत्यक्ष नांदतही होती. मात्र ती लावली की सबंध मजल्याचा फ्यूज उडत असे आणि अंधारात सर्व बिऱ्हाडे एकमुखाने त्या घराचा उद्धार करीत. तेव्हा शेजारधर्म आणि काटकसर या दोन्ही सद्गुणांचा भार अखेर गादीवर, आणि गादीवरून आमच्यावर येत असे.

गादीखाली कपडे घालणे म्हणजे कपडे कोंबणे नव्हे, याबद्दल आजी फार काटेकोर होती. रात्रीची जेवणे आटोपली, ओटा पुसून झाला की ती तांब्यातले पाणी बोटांनी विजारीवर शिंपडत असे, आणि ते इतक्या हलक्या हाताने, की देवाला गंधाक्षता वाहताना तिने याहून अधिक काळजी घेतली असेल असे मला वाटत नाही. मग विजारीच्या चारही शिवणी एकावर एक आणायच्या, दोन्ही पाय जुळवायचे, कमरपट्ट्याकडून तळहात फिरवीत खालपर्यंत यायचे, आणि फळीवर कागद अंथरून त्यावर ती विजार निजवायची. प्रारंभी हा कागद वर्तमानपत्राचा असे. परंतु ओलसर कापडावर छापखान्याची शाई उतरते, आणि एकदा अण्णांच्या पांढऱ्या लेंग्याच्या मागील बाजूस विधानसभेची बातमी उलट्या अक्षरांत इतकी स्वच्छ उमटली, की ते आरशासमोर पाठमोरे उभे राहिले असते तर ती सहज वाचता आली असती. तेव्हापासून फळीवर मागील वर्षीच्या कॅलेंडरची पाने येऊ लागली. देवादिकांची चित्रे असलेली बाजू खाली आणि कोरी बाजू वर ठेवावी, की देवांवर झोपणे टाळण्यासाठी हे उलट करावे, यावर घरात जो खल झाला तो येथे देत नाही.

या सगळ्या खटाटोपाच्या मागे शास्त्र मुळीच नव्हते असे समजू नये. सुती कापडाचे तंतू सेल्युलोजचे असतात आणि त्या सेल्युलोजच्या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतात. पाणी लागले की ते बंध सैल होतात, आणि कापड ज्या स्थितीत वाळेल त्या स्थितीत ते पुन्हा जुळतात. चुरगळलेले वाळले तर चुरगळलेले, सपाट वाळले तर सपाट. इस्त्री हेच काम उष्णतेने काही सेकंदांत उरकते. कपड्याच्या आतील पट्टीवर इस्त्रीच्या चित्रात तीन टिंबे असतात, त्यांचा अर्थ दोनशे अंशांपर्यंत चालेल असा आहे. माझ्या अंगाची उष्णता सदतीस अंश, आणि त्यातलीही बहुतेक कापसाच्या गादीतच राहणार. म्हणजे उष्णतेच्या बाबतीत मी अगदीच टाकाऊ इस्त्री होतो. दाबाच्या बाबतीत मात्र नव्हतो. किलोभर वजनाची इस्त्री हाताने न दाबता नुसती ठेवली, तर ती सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटर कापडावर टेकते, आणि दर चौरस सेंटिमीटरला पाचेक ग्रॅम भार पडतो. उलट साठ किलोचा मनुष्य गादीवर उताणा निजला आणि त्याचे वजन गादीतून अर्ध्या चौरस मीटरभर पसरले, तरी त्याच चौरस सेंटिमीटरवर बारा ग्रॅम येतात. शिवाय इस्त्री क्षणभर टेकून पुढे सरकते. मनुष्य रात्रभर तिथेच पडून असतो. निदान पडून असावा, अशी अपेक्षा असते.

आणि यातनांचा उगम नेमका या अपेक्षेत होता. झोपलेला मनुष्य कूस बदलतो. कूस बदलली की गादी बोटभर सरकते, गादीबरोबर विजारीचा वरचा पाय सरकतो, खालचा फळीला धरून राहतो, आणि सकाळी विजारीच्या प्रत्येक पायावर एका रेघेऐवजी दोन रेघा निघतात. एक रेघ असलेला मनुष्य कारकून असतो, एकही रेघ नसलेला कलावंत असू शकतो. परंतु दोन समांतर रेघा असलेल्या मनुष्याच्या घरी इस्त्री नाही आणि झोपही धड नाही, हे सबंध कचेरीला एका दृष्टिक्षेपात कळते. म्हणून दिवा मालवण्यापूर्वी आजी खाटेजवळ येऊन बजावत असे, "अरे, हलू नकोस हं, तुझ्या अण्णांना उद्या साहेबांपुढे उभं राहायचंय." अण्णांच्या बढतीचा मार्ग माझ्या पाठीखालून जातो आहे, ही जाणीव घेऊन शाळकरी मुलाने किती झोपावे! मी छतावरच्या पंख्याकडे पाहत निश्चल पडून राहत असे, आणि पाठीला खाज सुटली तर ती खाज अण्णांच्या सेवापुस्तकात नोंदली जाईल अशी मला भीती वाटत असे.

माझे वजन कमी पडते, ही तक्रार वेगळीच. मी जेवलो नाही तर आई कळवळत असे, हे खरे. पण त्या कळवळ्यात अण्णांच्या विजारीचा वाटा किती होता, हे मला आजतागायत ठरविता आलेले नाही. अस्सल मान होता तो आमच्या पनवेलच्या मामाचा. मामा नव्वद किलोंच्या घरातला, स्वभावाने शांत, आणि एकदा उताणा पडला की कोंबडा आरवेपर्यंत त्याच स्थितीत घोरणारा. तो मुक्कामाला येणार असे पत्र आले की घरातले न दाबलेले सर्व कपडे ट्रंकेतून बाहेर निघत, आणि शेजारच्या काकूही दोन लुगडी घेऊन "जागा असेल तर" असे म्हणत दारात उभ्या राहत. मामाला आपल्या स्वागतातील हा उत्साह मनापासून आवडत असे. त्याच्यासाठी श्रीखंड होई, उशी नवी निघे, आणि गादी मात्र त्याला नेहमीपेक्षा थोडी उंच लागत असे. त्याने कधी काही विचारले नाही.

लोखंडी खाटेचे स्वतःचेही काही विचार असत. फळी लहान होती आणि खाटेच्या उशाकडचा भाग पट्ट्यांचा होता. तिथे चुकून सदरा गेला तर त्याच्या पाठीवर चौकटी उमटत, आणि त्या चौकटी कापडाच्या मूळ चौकटींशी तिरक्या पडल्या तर पाहणाऱ्याला घेरी येई. पावसाळ्यात तर दुहेरी पेच होता. मुंबईच्या दमट हवेत सुती कापड आपोआप मऊ पडते, म्हणजे दाबायला ती हवा उत्तम; परंतु दाबलेले वाळायचे कधी? सकाळी विजार काढावी तर घडी सुरीसारखी, आणि वास ओल्या गोणपाटाचा. त्यात खाटेच्या सांध्यांमधील ढेकणांसाठी अण्णा दर रविवारी रॉकेल सोडत असत. त्यामुळे सोमवारी आमच्या घरातील सर्व पुरुष कडक घडीचे कपडे घालून, स्टोव्हचा वास सोडीत, आपापल्या कामाला जात. शाळेत माझ्या बाकावर माझ्याशेजारी बसायला मुले फारशी उत्सुक नसत. ढेकूणही नसत, हे मात्र नमूद केले पाहिजे.

पुढे घरात टेरिकॉट, म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांचे मिश्र कापड, आले आणि गादीची विद्या निकामी झाली. पॉलिएस्टरला पाण्याचे सोयरसुतक नाही. त्याचा तंतू सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे गेल्याखेरीज नरम पडत नाही, आणि एवढा ताप आला असता तर मला गादीवर न ठेवता रुग्णालयात हलविले असते. टेरिकॉटची विजार रात्री जशी आत जाई तशीच सकाळी बाहेर येई. आजीला हा कापडाचा उद्धटपणा वाटला. तरीही ती ते कापड गादीखाली घालीतच राहिली, कारण तिच्या मते सवय कापडाला नव्हे, माणसाला लावायची असते.

मनुष्याऐवजी लाकडाला राबवावे, हे जगाच्या इतर भागांत फार पूर्वीच सुचले होते, हे मला मोठेपणी समजले तेव्हा माझा थोडा संतापच झाला. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात कापड धुणाऱ्यांच्या एका कारखान्याच्या खांबावर कपडे दाबण्याच्या लाकडी मळसूत्री यंत्राचे चित्र सापडले आहे, आणि शेजारच्या हर्क्युलेनियममध्ये तर तसे यंत्रच जळून कोळसा झालेल्या अवस्थेत मिळाले. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत हॉलंड आणि इंग्लंडमधील खात्यापित्या घरांत खणांच्या कपाटावर दोन जाड फळ्या आणि वर मोठा लाकडी स्क्रू असे फर्निचर असे. जेवणाच्या मेजावरची चादर आणि रुमाल त्या फळ्यांत घालून स्क्रू पिळला की मंडळी खुशाल आपापल्या बिछान्यांत लोळायला मोकळी. कूस बदलण्याचे स्वातंत्र्य त्या लोकांना आमच्याहून निदान तीनशे वर्षे आधी मिळाले होते, असा याचा अर्थ मी लावतो.

या घराण्याचा आधुनिक वारस मला लंडनच्या एका हॉटेलात भेटला. खोलीच्या कोपऱ्यात उंच, अरुंद, गंभीर चेहऱ्याची एक वस्तू उभी होती. वर कोट अडकविण्याची खुंटी, मध्ये सुटी नाणी ठेवायची तबकडी आणि खाली पुस्तकासारख्या मिटणाऱ्या दोन फळ्या. विंडसर येथील कॉर्बी कंपनीने १९३०च्या दशकापासून ही विजार दाबण्याची घोडी बनविली आणि पुढे साठच्या दशकात तिच्या फळ्यांत विजेची ऊब घातली. ब्रिटनमधील हॉटेलांत ती अनेक वर्षे चहाच्या किटलीइतकीच ठरलेली असे. विजार फळ्यांमध्ये घालायची, कळ दाबायची आणि निघून जायचे. मी कळ दाबली, परंतु मला निघून जाता येईना. विजार दाबली जात असताना आपण मोकळेपणाने हिंडणे मला कुठेतरी अनैतिक वाटत होते. शेवटी मी पलंगावर जाऊन उताणा पडलो, हात छातीवर घेतले आणि यंत्र थांबल्याचा आवाज येईपर्यंत हललो नाही. विजार उत्तम निघाली. यंत्राला माझ्या साहाय्याची गरज होती असा माझा दावा नाही.

आता आम्ही ठाण्याला राहतो आणि घरात दोन इस्त्र्या आहेत. आमच्या नव्या पलंगाखाली हायड्रॉलिकने उघडणारी पेटी असून तिच्यावरची गादी आठ इंच जाडीच्या फोमची आहे. फोमच्या गादीचा सारा अभिमान असा, की ती मनुष्याचे वजन अंगाला जाणवू देत नाही. साहजिकच ती ते खाली कपड्यांपर्यंतही पोहोचू देत नाही. दुकानातील विक्रेत्याला मी ही अडचण समजावून सांगितली, तेव्हा त्याने मला त्याऐवजी भिंतीवरचा एक आरसा दाखविला. तो खाली ओढला की त्याची इस्त्रीची पाट होते. यात आरसा आडवा झाल्यावर केस विंचरायचे असतील तर काय करायचे, या प्रश्नाला त्याच्यापाशी उत्तर नव्हते, आणि पाट उघडल्यावर न्हाणीघराचे दार उघडत नाही ही गोष्ट, तो घरी बसविला गेल्यावर, मी न्हाणीघरात असताना ध्यानात आली. "अहो, दोनच सदरे राहिलेत," असे बाहेरून आश्वासन येत होते. चार टॉवेल, तीन ओढण्या आणि उशांचे अभ्रे होईपर्यंत मी आत होतो. फर्निचरला दोन कामे लावली की तिसरे काम आपल्याकडे येते, एवढे लहानपणापासून ठाऊक असूनही दाराला आतून धडका मारण्यापलीकडे मला काही करता आले नाही.

जुनी कापसाची गादी आम्ही टाकलेली नाही. ती पाहुण्यांच्या खोलीतल्या दिवाणावर आहे. गेल्या दिवाळीत आमच्या सौभाग्यवतींचे थोरले बंधू नागपूरहून चार दिवसांसाठी आले. मनुष्य भारदस्त, आणि झोपेचा पक्का. पहिल्याच रात्री सौभाग्यवती कपाटातून सुती साड्यांची चळत काढताना दिसल्या. मी काही बोललो नाही; फक्त जुन्या कॅलेंडरची पाने कोठे ठेवली आहेत ते सांगितले.

"दादा, तू भिंतीकडे सरकू नकोस, मधोमध झोप," त्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "भिंतीला ओल आहे."

भिंतीला ओल नाही. दादांनी मान डोलावली आणि उद्याच्या फराळाला चकल्या आहेत का, एवढेच विचारले. मी त्यांना लगेच दोन चकल्या आणून दिल्या, आणि वर एक बेसनाचा लाडू खाण्याचा आग्रह केला.