‘हिंदी शंभर टक्के फोनेटिक’ म्हणे!

परत तोच फॉरवर्ड आलाय, या महिन्यात तिसऱ्यांदा. "इंग्लिश बोलणाऱ्यांनो हिंदी शिका, सगळ्यात सोप्पी, जसं लिहितात तस्सं बोलतात, ७ दिवसांत वाचता येतं, आणि वाक्य काय, इंग्लिशमधलं क्रियापद उचलायचं न् शेवटी ठेवायचं, झालं!" माझी वहिनी अमेरिकन आहे, लग्नानंतर हिंदी शिकायला घेतली (खरं तर मराठीच शिकायची होती, पण तिच्या अॅपवर ती नव्हतीच, असो) आणि असलं वाचून वाचून तिला वाटायला लागलं की आपलंच डोकं चालत नाहीये. म्हणून लिहितोय.

जसं लिहितात तसं बोलतात, हे अर्धं खरं. इंग्लिश स्पेलिंगपुढे देवनागरी म्हणजे स्वर्गच, मान्य. पण वहिनीने पाकिटावरचं ‘नमकीन’ वाचलं ते ‘नमकीना’, म्हणजे प्रत्येक अक्षरातला अ इमानदारीत म्हटला, आणि फॉरवर्डच्या हिशोबाने ती बरोबरच होती की! आपण म्हणतो नम्‌कीन्‌, मधला आणि शेवटचा अ गिळतो, लिहिताना मात्र कुठेच दाखवत नाही. शेवटचा जातो हे एकवेळ सांगता येतं, मधला कुठला जातो ते सांगताना घाम फुटतो. ‘दिल धड़कने लगा’ म्हणताना क अर्धा होतो, ‘दिल की धड़कनें’ म्हणताना ड़ अर्धा, लिहिताना फरक फक्त एका टिंबाचा. शिवाय लिहायचं ‘वह’ आणि बोलायचं ‘वो’, लिहायचं ‘पहला’ आणि बोलायचं ‘पॅहला’. आपल्याला हे खटकत नाही कारण मराठीतही आपण अ गिळतोच, आणि चारातला च न् चाकातला च वेगळे असून एकाच अक्षरात भागवतो.

७ दिवसांत वाचन? सुटी अक्षरं येतील, येतातही. मग र भेटतो. कर्म, क्रम, ट्रक, तिन्हीकडे त्याचा अवतार वेगळा. ‘दिन’मधली वेलांटी आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. छापताना ज़ आणि फ़ खालचा नुक्ता, म्हणजे ते टिंब, बऱ्याचदा गायब असतो, तो मनानेच लावायचा.

आता क्रियापद शेवटी. यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. क्रियापद शेवटी येतं हे खरंच आहे, पण ते हलवून वाक्य होत नाही. ‘ऑन द टेबल’मधला टेबलाच्या आधीचा ‘ऑन’ हिंदीत टेबलाच्या नंतर जातो, ‘मेज़ पर’, आणि असा शब्द नंतर आला की त्याच्या आधीचं नामही बऱ्याचदा बदलतं, लड़का चा ‘लड़के को’. इंग्लिशमधल्या एका ‘हॅव’साठी हिंदीत तीन वाक्यं: मेरे पास गाड़ी है, मेरे दो भाई हैं, मुझे बुख़ार है. कुठलं क्रियापद उचलणार सांगा!

आणि ‘ने’, भूतकाळात कर्त्याला चिकटणारा. तो आला की क्रियापद कर्त्याकडे बघतच नाही: पुरुष असो की बाई, ‘मैंने किताब पढ़ी’, कारण किताब स्त्रीलिंगी. त्यात ‘को’ घातला की लगेच ‘मैंने किताब को पढ़ा’. दादा म्हणाला आपल्याला सोपं, मी पोळी खाल्ली तसंच. हो, पण पूर्ण नाही. लाना, भूलना, बोलना यांना हिंदीत ने लागत नाही, ‘मैं किताब लाया’. आपण मात्र ‘मी पुस्तक आणलं’ डोक्यात ठेवून बिनधास्त ‘मैंने किताब लाई’ ठोकतो. मागच्या आठवड्यात वहिनीला मेसेजमध्ये मी हेच लिहिलं, आणि तिने लाल गोल करून परत पाठवलं.